मास्तरची मे महिन्याची सुट्टी

"ढकलू नका! त्याला स्वतःहून चढू द्या. घाबरला की उडी मारेल, उडी मारली की पाय मोडेल!"

दादा मॅटडोरच्या मागच्या दाराशी उभे राहून सूचना देत होते आणि आमची कॉलनी तोंडात ब्रश धरून मजा बघत होती. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो मास्तर फळीवर पुढचे दोन पाय टेकून आईच्या पदराचं टोक शांतपणे चघळत होता.

मास्तर म्हणजे आमचा बोकड. मला लहानपणी सारखा खोकला असायचा, तेव्हा कुणीतरी शेळीचं दूध सुचवलं आणि दादांनी शेळीच आणून अंगणात बांधली. खोकला गेला, शेळी म्हातारी होऊन गेली आणि तिचं शेवटचं पिल्लू मागे राहिलं. पुढे त्याला हनुवटीखाली दाढी फुटली आणि तो आमच्याकडे असं रोखून बघायला लागला की जणू गृहपाठ तपासतोय. म्हणून त्याचं नाव मास्तर. तो माझ्या हाताने खायचा, मी शाळेतून आले की फाटकापाशी उभा असायचा, आणि आमच्या घरात त्याला बोकड म्हटलेलं कुणालाच आवडायचं नाही. आम्ही काही माळकरी नव्हतो हो. रविवारी चुलीवर मटण रटरटत असायचं आणि मास्तर दारात टाचा उंचावून जास्वंदीचे शेंडे खात असायचा. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं आमच्यापैकी कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

दादा कारखान्यात सुरक्षा खात्यात होते. 'अपघात होत नसतो, आपण तो होऊ देतो' ही पाटी कारखान्याच्या फाटकावर होती आणि दादांच्या जिभेवरही. मी सहावीत होते त्या वर्षी गावची जत्रा पहिल्यांदाच माझ्या परीक्षेच्या तावडीतून सुटली. अधिक महिना आला होता, त्यामुळे तिथी पुढे सरकून मे महिन्यात आली. थोरल्या आबांचा निरोप आला, "औंदा तरी पोरीला जत्रा दाव." दादा लगेच तयार झाले. प्रश्न उरला मास्तरचा.

"शेजारच्या देशमुखीणबाईंकडे ठेवू," आई म्हणाली.

"मागे दोन दिवस ठेवला तर त्यांची उशी खाल्ली त्याने. आता त्या दार उघडणार नाहीत. आणि आपण नसताना अंगणात एकटा ठेवायचा म्हणजे नाक्यावरच्या खाटकाची नजर बघितलीस ना?" दादा म्हणाले, "सोबत न्यायचं. त्याच्या जिवाला तेच सगळ्यात सुरक्षित."

हे वाक्य पुढे आमच्या घरात पुष्कळ वर्षं म्हटलं गेलं. अर्थात दादांच्या पाठीमागे.

दिनूभाऊंचा मॅटडोर भाड्याने ठरला. खुरं घसरू नयेत म्हणून तळाला पोती आणि पोत्यांवर काडाचा जाड थर. दावं मानेला आवळणारं नको म्हणून जुन्या चामडी पट्ट्याचा गळपट्टा, आणि दोरी इतकीच लांब की बसता यावं पण पायात गुंतू नये. आदल्या संध्याकाळपासून हिरवा पाला बंद, कारण प्रवासात पोट फुगलं तर रस्त्यात डॉक्टर कुठे शोधायचा. परकं पाणी तो तोंडात घेत नसे म्हणून आमच्याच नळाच्या पाण्याचे दोन कॅन. मागची झडप थोडी उघडी, म्हणजे हवा येईल पण डोकं बाहेर निघणार नाही.

"एवढं आमच्या लग्नात माझं कुणी केलं नव्हतं," आई म्हणाली आणि पदर सोडवून घेऊन पुढे जाऊन बसली.

मी मागे मास्तरजवळ बसले. पुण्याबाहेर पडेपर्यंत तो ओरडत होता. मग माझ्या मांडीवर हनुवटी ठेवून रवंथ करायला लागला. खंबाटकीच्या घाटात दादांनी दिनूभाऊंना बैलगाडीच्या चालीने गाडी हाकायला लावली. ऊन तापायच्या आत सातारा ओलांडला, पुढे एका वडाखाली थांबून त्याला थोडं थोडं पाणी पाजलं, जरा फिरवलं. उंब्रजवरून गाडी पाटणच्या रस्त्याला वळली तेव्हा दादा मागे वळून म्हणाले, "बघ उजू, सगळं आधी विचार करून केलं की काही होत नाही."

पिंपळखोपला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. गाव डोंगराच्या कुशीत, वर म्हसोबाचं देऊळ, खाली ओढा. थोरले आबा, म्हणजे दादांचे मोठे भाऊ, अंगणात उभे होते. आजोबा दादांच्या लहानपणीच गेले, तेव्हापासून आबांनीच दादांना वाढवलं होतं. पावसाळ्यात ओढा भरला की खांद्यावर बसवून शाळेत पोचवलं होतं. स्वतः मात्र शाळेची पायरी चढले नाहीत. दादा आजही त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नसत.

"आलासा? या, या. लई दिसानं आला, यशवंता," आबा म्हणाले. तेवढ्यात मी मास्तरला घेऊन गाडीतून उतरले आणि त्यांचे डोळे एकदम मोठे झाले. "आगं, कारभारणी! भायेर ये, भायेर ये! बग यशवंतानं काय आणलंय!"

चंपाकाकी बाहेर आली. उंच, हाडापेराने मजबूत, कपाळावर आडवं मोठं कुंकू. ती कुणाशी फार बोलत नसे आणि मला तिची भीती वाटायची. ती मास्तरकडे बघतच राहिली. मग आत गेली आणि तांब्याभर पाणी, भाकरीचा तुकडा आणि हळदकुंकवाची कोयरी घेऊन आली. आमच्यावरून तुकडा ओवाळून टाकला. मग मास्तरच्या पायांवर पाणी घातलं, त्याच्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि हात जोडले.

आईचे डोळे भरून आले. "बघा, मुक्या जनावराचंसुद्धा किती करतात हे लोक. नाहीतर आपल्या देशमुखीणबाई."

आबांनी मास्तरच्या पाठीच्या कण्यावरून हात फिरवला. "हाडाला हात लागत न्हाई. पोरी, तू वाढवलास व्हय ह्यो?"

"हो," मी फुशारकीने म्हणाले. "रोज हरभऱ्याचा टहाळ देते. कधी कधी बिस्किटं."

"लई मायेनं वाढवलायस गं. देव तुजं कल्याण करंल."

त्या घडीला माझ्याएवढी खूश मुलगी गावात दुसरी नसेल. तासाभरात शेजारपाजारच्या बायका येऊन मास्तरला बघून गेल्या. कुणी त्याला झेंडूची माळ घातली. तीही त्याने हळूहळू खाल्ली. एक म्हातारी तर त्याच्या पाया पडली. मी आईला म्हटलं, "आपण दरवर्षी आणू या ह्याला."

चहाची वेळ झाली. दादा ओट्यावर खाली बसले होते, आबा खांबाला टेकून. मी मास्तरला बाभळीच्या शेंगा भरवत होते.

"यशवंता," आबा म्हणाले. "तू आज माज्या डोईवरचं वझं उतरवलंस. संपत मिल्ट्रीत लागला तवा तुज्या वैनीनं म्हसोबाला बकरं बोललं व्हतं. आमी पाळल्यालं दोनदा रोगानं गेलं. पोरगं सरहद्दीवर, आन् नवस अंगावर. तुज्या वैनीला झोप न्हाई. तू न सांगता वळखलंस बग."

दादांच्या हातातली बशी तशीच राहिली.

आमच्या घरात सगळ्या अपघातांचा आधी विचार करणारा एकच माणूस होता, आणि त्याने हा एक केला नव्हता. जत्रेच्या आदल्या दिवशी, नवसाच्या घरी, आम्ही पोसलेला बोकड वाजतगाजत आणून उभा केला होता.

मी दादांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं. शेंगा माझ्या हातातून पडल्या. मी मास्तरच्या मानेला मिठी मारली आणि किंचाळले, "नाही! तो माझा आहे!"

आबा दचकले. त्यांनी आधी माझ्याकडे, मग दादांकडे बघितलं.

"आबा," दादा कसेबसे म्हणाले, "तो... आम्ही त्याला देवासाठी नव्हता आणला. तो घरातलाच आहे. पोरीचा. त्याला एकटं ठेवता येईना म्हणून सोबत आणला."

"सोबत?" आबांना ते समजेना. "बकरं? सुट्टीला?"

"हो."

"मग आल्या आल्या बोलायचं व्हतंस, बाबा. तुज्या वैनीनं कुकू लावलं. गावानं बगितलं." आबा चिडले नव्हते, घाबरले होते. "आता त्यो तुजा बी न्हाई आन् माजा बी न्हाई."

"मी दुसरा घेऊन येतो. आत्ता जातो पाटणला."

"कुकू लागल्यालं बकरं माघारी न्यायचं? म्हसोबाचं? आन् माजं पोरगं तिकडं बंदुकीम्होरं उभं हाय."

त्या माणसाच्या खांद्यावर बसून दादा शाळेत गेले होते. आई आतून आली, दोघांकडे बघितलं आणि माझ्याजवळ येऊन बसली. चंपाकाकी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"काकी," मी हुंदके देत म्हणाले, "सांग ना गं आबांना."

"देवाचं देवाला," काकी म्हणाली आणि आत निघून गेली. त्या क्षणी मला जगात तिच्याइतकं कुणी दुष्ट वाटत नव्हतं.

मी मास्तरला घेऊन गोठ्यात जाऊन बसले. आई दोनदा बोलवायला आली, मी हलले नाही. मास्तर माझ्या वेणीची रिबीन ओढत होता. उन्हं डोंगरामागे गेली तेव्हा चंपाकाकी म्हशीची धार काढायला आली. धार काढून झाल्यावर चरवी बाजूला ठेवून ती तिथेच बसून राहिली.

"रडून काय हुणार? देवानं घेतला तर घेतला, न्हाई घेतला तर न्हाई."

"म्हणजे?"

"उद्या गुरव ह्येच्या पाठीवर पाणी सोडंल. बकऱ्यानं अंग झाडलं म्हंजी देवानं घेतला. तीनदा सोडत्यात. तीनदा बी न्हाई झाडलं, तर देवाला नको. मग कुणी हात लावत न्हाई."

मी डोळे पुसले. काकी मास्तरकडे बघत होती.

"ह्यो पान्याला भेतो का गं?"

मी खोटं बोलायला हवं होतं की खरं, ते कळेना. शेवटी खरंच सांगितलं. "गार पाण्याला लई भितो. एक थेंब पडला तरी सगळं अंग झाडतो. आम्ही त्याला कोमट पाण्याने आंघोळ घालतो. मग नुसता डोळे मिटून उभा राहतो."

"आंघूळ घालता? बकऱ्याला?" काकी पहिल्यांदा किंचित हसली. मग उठली, चरवी घरात ठेवली आणि पायात काही न घालता देवळाच्या चढाला लागली. दिवेलागणीला घरची बाई न सांगता कुठे गेली म्हणून आबा जरा वैतागले. ती परत आली तेव्हा कुणी काही विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढोल वाजायला लागले. मास्तरला नवी झेंडूची माळ घातली. आबा दावं धरून पुढे, मी त्याच्या मानेवर हात ठेवून शेजारी. मला घरी ठेवायचा दादांनी प्रयत्न केला, तेव्हा आबाच म्हणाले, "येऊ दे तिला. तिच्या हातचं हाय." दादा माझ्या मागून चालत होते. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.

देवळापुढे मोठा दगडी चौथरा. गुलाल, धूप, माणसांची ही गर्दी. आमच्या आधी एक काळं बकरं होतं. गुरवाने पाणी सोडलं, त्याने लगेच अंग झाडलं, लोक ओरडले, "म्हसोबाच्या नावानं चांगभलं!" आणि त्याला देवळाच्या मागे नेलं. मी तिकडे बघितलं नाही.

नवसाचं पाणी, ज्या बाईने नवस बोललाय तिनेच आपल्या घरून आणायचं, अशी तिथली रीत. काकी गर्दीतून आली. तांब्या तिने पदराखाली छातीशी धरला होता. चेहरा नेहमीसारखाच, दगडी. तिने तांब्या गुरवाच्या हातात दिला. गुरवाने तांब्या धरला, क्षणभर थबकून काकीकडे बघितलं. काकीने त्याच्याकडे बघितलं. मग तो मास्तरकडे वळला.

"बोला, म्हसोबाच्या नावानं..."

पहिली धार मास्तरच्या मानेपासून शेपटीपर्यंत गेली. थोडं पाणी माझ्या हातावरून कोपराला ओघळलं.

ते कोमट होतं.

मास्तरने डोळे मिटले. त्याला वाटलं, आंघोळीची वेळ झाली. ढोलवाले वाजवायचे थांबले. दुसरी धार. त्याने मान खाली घालून ओठावरून ओघळणारं पाणी चाटलं. मागे कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला दटावलं. मी मनात म्हणत होते, हलू नकोस, माझ्या राजा, हलू नकोस. तिसरी धार सगळ्यात सावकाश. मास्तरने डोळे उघडले, गुरवाकडे नीट रोखून बघितलं आणि त्याच्या ताटातला झेंडू उचलून खाल्ला.

गुरवाने तांब्या पालथा केला. "देव घेत न्हाई," तो मोठ्याने म्हणाला. "चंपाबाई, तुमचं बकरं देवानं माघारी दिलंया."

माणसांमधून आवाज उठला. मी खाली बसून मास्तरच्या ओल्या पाठीवर तोंड दाबून रडायला लागले. दादाही रडत होते. आबा मात्र पांढरेफटक पडले होते. "कारभारणी, देव रागावला का काय? संपतचं कसं?"

"रागवायचं काय त्येच्यात?" काकी म्हणाली. "त्येला नको तर बळंबळं द्यायचं व्हय? संपतला काय हुत न्हाई. मी हाय."

तिने नारळ फोडला, देवापुढे डोकं टेकलं आणि घरी येऊन पुरणाचा घाट घातला. त्या घरात त्या जत्रेला मटण शिजलं नाही.

परतताना दादांनी काड नव्याने अंथरलं, गळपट्टा तपासला, पाण्याचे कॅन भरून घेतले. या वेळी मास्तरने गावचं पाणी आधीच पिऊन टाकलं होतं, तरी. काकी दाराशी उभी होती. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण तिच्याकडे बघितलं की शब्दच फुटेना. मी नुसता वाकून नमस्कार केला. ती म्हणाली, "घाटात सावकाश न्या." बस्स, एवढंच.

मास्तर म्हातारा होऊन, माझ्या बारावीच्या वर्षी, अंगणात जास्वंदीखाली झोपेतच गेला. पुढे माझं लग्न झालं, मुलं झाली. आबा गेले. दादाही गेले. मी पिंपळखोपला जायची, पण घाईघाईत, उभ्या उभ्या. सवड काढून मुक्कामाला गेले ते संपतदादा फौजेतून निवृत्त होऊन घरी आला त्या वर्षी. सुखरूप आला होता, मिशा पांढऱ्या झालेल्या. गावजेवण होतं, अंगणात मटणाच्या मोठ्या हंड्या चढलेल्या. मी ताट वाढून चंपाकाकीला द्यायला निघाले तर संपतदादा म्हणाला, "आईला ते नको नेऊ, उजू. ती खात नाही."

"तब्येतीमुळे?"

"छ्या! तब्येत खणखणीत आहे. नवस आहे तिचा, माझ्यासाठी. माझं बकरं देवाने परत दिलं, आठवतंय ना? तुमचंच की ते. तेव्हा तिने म्हसोबाला सांगितलं, बकऱ्याच्या जागी माझ्या तोंडचं घे. तेव्हापासून शिवलेली नाही. आणि तिच्या माहेरी विचार कुणालाही, चंपाला जीव मागा पण मटणातली नळी मागू नका, असं म्हणायचे. वयाच्या चाळिशीत सोडलं, माझ्यापायी." त्याचे डोळे भरून आले.

मी ताट तिथेच ठेवलं. संपतदादाला वाटत होतं ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं, आणि ते माहीत असलेली मी एकटीच तिथे उभी होते.

काकी मागच्या पडवीत एकटी बसून दही-भाकरी खात होती. दिसायला कमी झालं होतं, पण कुंकू तेवढंच मोठं होतं अजून. मी तिच्या पायांशी बसले. त्या पायांवर डोकं ठेवलं ते बराच वेळ उचललंच नाही. तेव्हा सुचले नव्हते ते शब्द इतक्या वर्षांनी आपोआप आले. "काकी, माझ्यासाठी केलंस तू. मला वाटलं होतं तू नुसतं पाणी तापवलंस. तू एवढं दिलंस ते मला आज कळतंय. काकी, माझ्या मास्तरचं आख्खं आयुष्य तुझं देणं आहे गं."

"उठ, उठ. लेकुरवाळी बाई तू, रडतीस काय," ती म्हणाली. तिचा खरखरीत हात माझ्या डोक्यावरून फिरत राहिला.

मी नाक पुसलं. लहानपणापासून मनात असलेली भीती विचारून टाकली. "पण काकी, देवाला फसवताना तुला भीती नाही वाटली?"

काकीने भाकरीचा घास खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी अजून सहावीतच आहे.

"फसवलं कुणी?" ती म्हणाली. "आदल्या सांजेला वर जाऊन त्येला समदं सांगून आले व्हते मी. पाणी तापवणार हाय म्हणून बी सांगितलं."